जळगावहून थेट बोटीवर: लाइव्हअबोर्ड डाइव्हिंगला जाताना काय काय बघायचं

मी लाइव्हअबोर्डला निघालो तेव्हा आजी म्हणाली, "समुद्रमा कसाले जाई राह्यना रे, आपली तापी काय कमी पडनी का?" आता तिला काय सांगणार. पण प्रश्न पैशाच्या बाजूने बघितला तर एकदम बरोबर आहे, म्हणून आधी हिशोब.

लाइव्हअबोर्ड म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहायचं, खायचं, झोपायचं आणि दिवसाला तीन-चार स्कूबा डाइव्ह (पाठीवर हवेची टाकी लावून) मारायच्या. तुम्ही झोपलेले असता आणि बोट रात्रीतून पुढच्या जागी पोचते. खरा फायदा हाच, कारण इजिप्तची ब्रदर्स बेटं किंवा मालदीवमधल्या लांबच्या अटोलसारख्या (प्रवाळाच्या बेटांच्या कड्यांसारख्या) जागा किनाऱ्यावरून रोज जाऊन-येऊन होतच नाहीत. समजा पॅकेज दीड लाखाचं आणि डाइव्ह 18, तर एक डाइव्ह साधारण 8300 ला पडली, त्यात राहणं-जेवण आलं. पण थांबा, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा, पुढे सांगतो), भाड्याचं सामान, मरीन पार्कची फी, फ्युएल सरचार्ज, क्रूची टिप हे सगळं बऱ्याचदा वेगळं असतं, ते लेखी मागून घ्या आणि मग भागाकार करा. आणि तुम्ही दिवसाला दोनच डाइव्ह करणारे असाल तर सरळ रिसॉर्ट घ्या, उगीच बोटीला पैसे देऊ नका.

तारकर्लीला इन्स्ट्रक्टरने धरून खाली नेलं होतं, ते सर्टिफिकेशन नाही बरं का भाऊ. ओपन वॉटरचं कार्ड पाहिजे (त्यात 18 मीटरपर्यंत), आणि लाइव्हअबोर्डसाठी अॅडव्हान्स्ड (30 मीटर) असलेलं बरं. नेत्राणी (कर्नाटकातलं बेट), अंदमानला डे-बोटवर वीस-पंचवीस डाइव्ह करा, मग बघा. ब्रदर्सला तर 50 लॉग केलेल्या (वहीत नोंदवलेल्या) डाइव्ह मागतात.

कानाचं आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. विहिरीत सूर मारून तळाची माती आणायची पैज लागायची तेव्हा कान कसे ठणकायचे? तेच इथे, 10 मीटरला दाब दुप्पट होतो आणि सगळ्यात जास्त फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, म्हणून दुखायच्या आधीपासून नाक दाबून कान मोकळे करत जायचं. सर्दी असेल तर डाइव्ह सोडा. गोळी खाऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला तर वर येताना कान अडकतो.

आता मेन गोष्ट, नायट्रोजन. खाली दाबाने तो अंगात शिरतो आणि पटकन वर आलो की त्याचे बुडबुडे होतात. एका डाइव्हला अंगात शिरलेला नायट्रोजन पूर्ण निघायच्या आत पुढची डाइव्ह येते, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी थकवा, कमी झोप, कमी पाणी सगळं एकत्र होतं आणि माणसाला वाटतं आता आपल्याला सगळं जमतं. तिथेच घोळ होतो. स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली-वेळ मोजणारं मनगटी घड्याळ) वापरा, बडीच्या, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराच्या, भरवशावर राहू नका, मिनिटाला 9 मीटरपेक्षा जोरात वर येऊ नका आणि 5 मीटरला तीन मिनिटं थांबा. नायट्रॉक्स घ्या, त्यात ऑक्सिजन 32 टक्के असल्याने नायट्रोजन कमी शिरतो, पण त्याचा वेगळा कोर्स लागतो, टाकीतला ऑक्सिजन स्वतः मोजून बघायचा आणि 32 टक्क्यांवर 33 मीटरच्या खाली जायचं नाही, कारण तिथे ऑक्सिजनच उलटतो, झटके येऊ शकतात. मधे एक दुपारची डाइव्ह सोडून झोपा, कोणी हसत नाही. पाणी पीत राहा, बियर शेवटच्या डाइव्हनंतर. सांधे दुखले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले तर "बॅग उचलली असेल म्हणून" असं स्वतःला समजावत बसू नका, लगेच क्रूला सांगा आणि ऑक्सिजन घ्या. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कूबा बऱ्याचदा वगळलेला असतो, म्हणून डॅनसारखा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डाइव्हरांची संस्था) डाइव्हिंगचाच इन्शुरन्स काढा.

पाण्याला जोराचा करंट असेल त्या जागी एसएमबी, म्हणजे तो लांब केशरी फुगा, प्रत्येकाकडे पाहिजे. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं आणि वर यायचं. बडीही वर येऊन लाटांमधून तुम्हाला शोधत असतो आणि बोटवाल्याला लांबून फक्त फुगाच दिसतो.

लोक शार्कला घाबरतात, मी आगीला घाबरतो. 2 सप्टेंबर 2019 ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाची डाइव्ह बोट पहाटे पेटली, 34 माणसं गेली, सगळी खालच्या झोपायच्या खोलीत होती. बाहेर पडायचे रस्ते दोन होते, पण दोन्ही वरच्या एकाच हॉलमध्ये उघडत होते, आणि आग तिथेच होती. आणि रात्री पहाऱ्यावर कोणी जागं नव्हतं. म्हणून बुकिंगच्या आधी विचारा: रात्री पहारा कोण देतो, केबिनमध्ये स्मोक डिटेक्टर आहे का, दुसरा रस्ता कुठे निघतो. पहिल्या रात्री मी केबिनपासून डेकपर्यंत डोळे मिटून चालून बघतो. उजवीकडे सात पावलं, शिडी, वर हँडल डावीकडे, असं. एका बोटीवर (नाव घेत नाही) रात्री दोनला वर गेलो तर सगळा क्रू घोरत होता, मी उरलेल्या रात्री डेकवरच चादर टाकून काढल्या. चार्जिंगचंही तसंच, टॉर्च, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, पॉवर बँक हे सगळं त्यांनी दिलेल्या जागी, दिवसा, कोणाच्या तरी नजरेसमोर लावायचं. मी स्वतः एकदा उशीखाली पॉवर बँक लावून झोपलो होतो आणि क्रूच्या पोराने मला लहान मुलासारखं झापलं, झापलं ते बरोबरच होतं.

परतीचं तिकीट उलटं मोजून काढा. अनेक दिवसांच्या डाइव्हिंगनंतर विमानाआधी किमान 18 तास, मी तर 24 धरतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून हे फक्त विमानाचं नाही. आपली पोरं मालवणला सकाळी डाइव्ह करून दुपारी गाडी काढतात आणि आंबोली घाट चढतात, तिथे दोन हजार फुटांच्या वर जातो आपण, तिथेही तेवढाच वेळ सोडायला पाहिजे. रात्री मालवणलाच मुक्काम करा, मासे खा, दुसऱ्या दिवशी निघा, जळगाव कुठे पळून चाललंय.