वाघाची खूण आणि चांदीचा भाव: प्रिव्ही मार्क असलेली नाणी कशी जमवावीत

नागपूरच्या इतवारीतल्या सोना-चांदी ओळीत मी एकदा चांदीचं एक नाणं घेऊन गेलो होतो. कॅनडाच्या टांकसाळीचं, १९९८ सालचं मेपल लीफ. त्यावरच्या मोठ्या पानाशेजारी मसुरीच्या डाळीएवढा एक वाघ आहे. वाघांच्या या गावात तो वाघ मला भारी वाटला होता आणि त्यासाठी मी चांदीच्या भावापेक्षा चांगलीच जास्त रक्कम मोजली होती. सराफांनी नाणं तराजूत ठेवलं, आकडा वाचला आणि म्हणाले, "भाऊ, चांदीचे पैसे देतो. वाघाचे पैसे माझ्या तराजूत बसत नाहीत जी."

त्यांचं बरोबर होतं. अशा नाण्याला दोन किमती असतात. धातूची किंमत कुठल्याही सराफाकडे मिळते, खुणेची किंमत फक्त खूण ओळखणाऱ्याकडे. या छंदात पडायचं असेल तर या दोन किमती पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवायला शिका. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी खूण म्हणजे काय ते समजून घ्या

बुलियन नाणं म्हणजे वजनी, शुद्ध सोन्या-चांदीचं, सरकारी टांकसाळीनं पाडलेलं नाणं. कॅनडाचं मेपल लीफ, ब्रिटनचं ब्रिटानिया, अमेरिकेचं ईगल, दक्षिण आफ्रिकेचं क्रूगरँड, ऑस्ट्रेलियाचं कूकाबुरा ही त्यातली ओळखीची नावं. बहुतेक नाणी एक ट्रॉय औंसाची, म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदीची असतात. जुन्या तोळ्यात सांगायचं तर पावणेतीन तोळ्यांना थोडी कमी. नेहमीच्या नक्षीत टांकसाळ एखाद्या वर्षी किंवा एखाद्या तुकडीपुरती एक छोटी जादा खूण घालते. तो प्रिव्ही मार्क.

प्रिव्ही म्हणजे गुप्त, आतल्या गोटातलं. इंग्लंडमध्ये टांकसाळीच्या नाण्यांची शुद्धता तपासण्याची 'ट्रायल ऑफ द पिक्स' ही जाहीर चाचणी १२८२ पासून नोंदलेली आहे. एखादी तुकडी हलकी निघाली तर ती कोणाच्या हाताखाली पडली हे कळावं म्हणून नाण्यांवर बारीक खुणा ठेवल्या जायच्या. आज ती जबाबदारीची खूण राहिलेली नाही, आठवणीची आणि संग्राहकांसाठीची झाली आहे.

आपल्याला ही गोष्ट परकी नाही. पेशवाईतल्या पुण्याच्या रुपयावर हत्तीचा अंकुश असायचा, म्हणून तो अंकुशी रुपया. त्या काळचे सराफ रुपयावरची खूण पाहून टांकसाळ ओळखायचे आणि त्यावरून बट्टा किती कापायचा ते ठरवायचे. म्हणजे खुणेला किंमत असते हे सराफांनाच सर्वांत आधी कळलं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ च्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, जुन्या नाण्यांसमोर अर्धा तास उभं राहा. नजर तयार व्हायला याहून चांगली जागा नागपुरात नाही.

पैसे खर्च करण्याआधी नजर तयार करा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, तेवढं पुरतं. मग घरातली चिल्लर टेबलावर ओता. सालाच्या खाली बघा: हिऱ्याचा आकार दिसला तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. ही टांकसाळीची खूण. नाणं कुठे पाडलं एवढंच ती सांगते.

नंतर आजीच्या डब्यातली गिनी मागा. गिनी म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, २२ कॅरेट, वजन ७.९८ ग्रॅम. पंचम जॉर्जची असेल तर मागच्या बाजूला घोडेस्वाराच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, एखादं बारीक अक्षर आहे का ते बघा. १९१८ साल आणि इंग्रजी आय हे अक्षर असेल तर ती गिनी मुंबईत पडली आहे. मुंबईत सॉव्हरिन फक्त त्याच साली पडल्या. २०१३ पासून एमएमटीसी-पॅम्प या कंपनीनं ब्रिटनच्या रॉयल मिंट या टांकसाळीच्या परवान्यावर भारतात सॉव्हरिन पाडल्या, त्यांवरही तेच अक्षर आहे. ही सुद्धा टांकसाळीची खूण, प्रिव्ही मार्क नाही. आजीची गिनी मात्र मोडू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं, त्यामुळे ते परदेशी पाठवण्याचा विचारही करू नका.

आता खरी गफलत होते ती जागा. अमेरिकेच्या टांकसाळीनं २०२० मध्ये दुसरं महायुद्ध संपल्याच्या पंचाहत्तरीनिमित्त चांदीचं प्रूफ, म्हणजे आरशासारखं चकचकीत, ईगल काढलं. त्यावर 'व्ही ७५' हा प्रिव्ही मार्क आहे, वॉशिंग्टनच्या युद्धस्मारकातल्या हौदाच्या आकाराच्या चौकटीत बसवलेला. त्याच नाण्याच्या मागे 'डब्ल्यू' हे अक्षर आहे, ती वेस्ट पॉइंट टांकसाळीची खूण. दोन खुणा, दोन वेगळी कामं. पण २०२१ च्या मॉर्गन डॉलर या अमेरिकी चांदीच्या नाण्यांपैकी काहींवर 'सीसी' आणि काहींवर 'ओ' ही अक्षरं आहेत. दिसायला ती अगदी टांकसाळीच्या खुणेसारखी, प्रत्यक्षात मात्र कार्सन सिटी आणि न्यू ऑर्लिन्स या जुन्या टांकसाळींच्या आठवणीत घातलेले प्रिव्ही मार्क. नाणी पाडली फिलाडेल्फियात. शिवाय त्यांची चांदी ०.८५८ टंचाची (टंच म्हणजे शुद्धता), म्हणजे बुलियनपेक्षा कमी. वर्णन नीट न वाचता घेणारा इथेच फसतो.

तिसरी जात सुरक्षाखुणांची. २०१५ आणि त्यानंतरच्या चांदीच्या मेपल लीफवर भिंगाखाली एक अतिबारीक पान आणि त्यात सालाचे शेवटचे दोन आकडे दिसतात. ते प्रत्येक साध्या नाण्यावर असतं, त्याचे जादा पैसे द्यायचे नाहीत. ब्रिटानियाचंही तसंच. २०१७ च्या चांदीच्या नाण्यांवर विसाव्या वर्षाचा त्रिशूळ हा प्रिव्ही मार्क आहे. २०२१ पासूनच्या नाण्यांवर तिरपं केलं की त्रिशूळाचं कुलूप होतं ती मात्र सुरक्षेची सोय. आणि ब्रिटानियाच्या हातात मुळातच त्रिशूळ असतो! म्हणून विकणारा नुसतं 'त्रिशूळ आहे' म्हणाला तर कुठला, हे विचारा.

खूण नेहमी दर्शनी भागावरच असते असंही नाही. २०१४ आणि २०१५ च्या काही ब्रिटानियांच्या कडेवर अनुक्रमे घोडा आणि मेंढी आहे. बंद कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाणं ठेवायच्या पारदर्शक डबीत, ती सहज नजरेतून सुटते.

एकच धागा धरा

दिसेल ते घेत गेलं की दोन वर्षांत डबा भरतो आणि संग्रह होत नाही. माझा सल्ला मेपल लीफवरच्या चिनी राशींचा: १९९८ च्या वाघापासून २००९ च्या बैलापर्यंत बारा वर्षं, बारा प्राणी. मालिका संपलेली आहे, त्यामुळे कुठे थांबायचं ते ठरलेलं आहे. सगळी नाणी एकाच मापाची, ३८ मिलिमीटरची आहेत, म्हणून एकाच मापाच्या कॅप्सूल लागतात. तुम्हाला घटना आवडत असतील तर टायटॅनिकच्या शताब्दीचं २०१२ चं मेपल लीफ किंवा २०१७ चं पहिलं चांदीचं क्रूगरँड, ज्यावर सोन्याच्या क्रूगरँडच्या पन्नाशीची खूण आहे, अशा वाटेनं जा. सोन्यात ही हौस फार लवकर आवाक्याबाहेर जाते. सुरुवात चांदीतच करा.

हिशेब वहीत दोन रकान्यांत मांडा

आकडेमोड सोपी जावी म्हणून समजा चांदी किलोला एक लाख रुपये आहे. म्हणजे ग्रॅमला १०० आणि औंसाच्या नाण्याला ३,११० रुपये. विकणारा ५,५०० सांगतो. पहिल्या रकान्यात ३,११० लिहा, दुसऱ्यात २,३९०. भारतात सोन्या-चांदीच्या खरेदीवर ३ टक्के जीएसटी लागतो, तो किमतीत धरला आहे की वर लागणार तेही विचारा. मग स्वतःला एक प्रश्न विचारा: हे २,३९० बुडाले तरी मला हे नाणं हवं आहे का? हो असेल तरच घ्या. चांदी वर-खाली होईल तेव्हा पहिला रकाना हलेल, दुसऱ्याचा भरवसा देता येत नाही.

किती नाणी पाडली हा आकडा दुसऱ्या रकान्याशी ताडून बघा. 'व्ही ७५' चं चांदीचं ईगल ७५,००० आणि सोन्याचं १,९४५ इतकंच काढायचं ठरलं होतं. आकडेही युद्धाच्या सालावरून आणि पंचाहत्तरीवरून निवडलेले. 'मर्यादित' या शब्दाला आकड्याशिवाय अर्थ नाही, आणि तो आकडा टांकसाळीनं स्वतः जाहीर केलेलाच धरा.

खूण खरी आहे का

मला एकदा एक साधं मेपल लीफ खास खुणेचं म्हणून विकलं गेलं. खूण नंतर कोणीतरी पंच मारून उमटवली होती. भिंगाखाली तेव्हाच बघितलं असतं तर कळलं असतं: टांकसाळीचा प्रिव्ही मार्क सहसा साच्यातच असतो, म्हणून तो बाकीच्या नक्षीसारखा उठावाचा आणि तसाच झळाळणारा असतो. नंतर मारलेल्या खुणेभोवती धातू ढकलला गेल्याचा किनारा दिसतो आणि नेमक्या त्याच जागी मागची नक्षी चपटी होते. सोन्याचा मुलामा किंवा रंग दिलेल्या नाण्यांबाबतही विचारा की हे टांकसाळीनं केलं की दुकानदारानं. त्या सालाचं, त्या नक्षीचं आणि त्या खुणेचं नाणं टांकसाळीनं खरोखर काढलं होतं का, हे तिच्या स्वतःच्या माहितीवरून आधी पडताळा. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या बंद पेटीतलं नाणं असेल तर पेटीवरचा क्रमांक त्या संस्थांच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

धातू तपासायचा असेल तर सराफाला एक गोष्ट आधीच सांगा: कसोटीवर घासायचं नाही. दागिन्यांच्या सवयीनं हात तिकडे जातो आणि कडेला कायमचा ओरखडा पडतो. यंत्रावर टंच काढून मागा, त्यात नाण्याला इजा होत नाही. घरी करायची पद्धत अशी. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला लागणार नाही असं धरा. ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदीसाठी काट्यावर २.९६ च्या आसपास आकडा यायला हवा. जर्मन सिल्व्हरचं, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या मिश्रधातूचं, त्याच वजनाचं नाणं ३.६ च्या जवळ दाखवतं. पाणी डिस्टिल्ड वापरा, नंतर मऊ कापडानं नुसतं टिपा, पुसू नका. आरशासारख्या प्रूफ नाण्यावर आणि सीलबंद कॅप्सूलमधल्या नाण्यावर हा प्रयोग करायचा नाही.

घेताना

बिलावर फक्त 'चांदी नाणे १ नग' लिहून घेऊ नका. टांकसाळ, साल, वजन, टंच आणि खुणेचं नाव, पाचही हवेत. उद्या विकताना दुसरा रकाना याच कागदावर उभा राहतो. परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवणार असाल तर सोन्या-चांदीच्या आयातीचे नियम आणि सीमाशुल्क पैसे भरण्याआधी विचारून घ्या. हे नियम बदलत राहतात, आणि अडकलेलं पाकीट सोडवण्यात छंदाचा आनंद संपतो.

नागपुरात नाणं जपणं

उन्हाळ्यात आपण घरात कूलर लावतो. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ती थंडगार ओली हवा माणसांना सुख देते, चांदीला नाही. एप्रिल ते जून कूलरची खोली आणि त्यानंतर पावसाळा, म्हणजे सहा महिने ओलावा. माझी दोन नाणी मऊ प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये होती. पावसाळा संपताना त्यांच्यावर हिरवट चिकट थर आला होता. तो त्या मऊ प्लास्टिकमधल्या पीव्हीसीचा परिणाम होता. तेव्हापासून प्रत्येक नाणं कडक, घट्ट बसणाऱ्या गोल कॅप्सूलमध्ये, सोबत सिलिका जेल, आणि डबा कूलरच्या खोलीबाहेर. रबर बँड, लोकर आणि जुनी वर्तमानपत्रं जवळ नकोत, त्यांतल्या गंधकानं चांदी काळी पडते. मेपल लीफवर येणारे दुधासारखे पांढरे डाग मात्र बऱ्याचदा आपल्या चुकीचे नसतात. ते जुन्या नाण्यांचं ठाऊक असलेलं दुखणं आहे, आणि २०१८ पासून टांकसाळीनं त्यावर उपाय म्हणून वेगळी प्रक्रिया सुरू केली.

नाणं धरायचं ते कडेनं, दोन बोटांत. चिंच, राख, टूथपेस्ट यांनी घासायचं नाही. देवाची चांदीची भांडी तशी उजळतात, पण नाण्याचा चकचकीत पृष्ठभाग एकदा घासला गेला की परत येत नाही.

लक्ष्मीपूजनाला चांदीची नाणी ताम्हणात ठेवायची आपली रीत आहे, ती मोडायची गरज नाही. आमच्याकडे वाघाचं नाणं दर दिवाळीत पूजेत असतं, पण कॅप्सूलसकट. हळद-कुंकू झाकणावर वाहतात. कुंकवाची बारीक पूड वाघाच्या पट्ट्यांत एकदा बसली की निघत नाही, म्हणून आईनंच ही तोड काढली. पाडव्याच्या सकाळी मी झाकण कोरड्या फडक्यानं पुसतो, त्या दिवसाचा चांदीचा भाव वहीच्या पहिल्या रकान्यात लिहितो आणि नाणं डब्यात ठेवतो.