आजोबांचा स्टॅम्प अल्बम हातात आला की आधी हे करा
लगेच तिकिटं उपटायला बसू नका, आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, कारण पेन्सिलने लिहिलेली वर्षं, देशांची नावं आणि त्यांनी लावलेला क्रम एकदा गेला की परत मिळत नाही. तिकीट बोटाने नाही, चपट्या टोकाच्या चिमट्यानेच उचला, बोटांचं तेल कागदाला लागतं. पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटं आणि चिकट पानांचे फोटो अल्बम अजिबात नकोत, अॅसिड-फ्री पानांचं स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं न चिकटवता पट्ट्यांमागे सरकवून ठेवायची वही, घ्या आणि ते उभं ठेवा, आडवं रचलं की दाबाने मागचा गोंद पानाला चिकटतो. आणि प्लीज, शिक्का असलेल्या जुन्या पाकिटांवरची तिकिटं कापू नका, अख्खं पाकीट बरेचदा जास्त मोलाचं असतं. न वापरलेली कोरी तिकिटं तर पाण्यात घालूच नका, गोंदच निघून जातो.