देणी थकलेली कंपनी गुंडाळताना या चुका टाळा

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची देणी आता फिटणार नाहीत, हे मालकाला बहुतेक वेळा टाळं लागण्याच्या बरंच आधी उमगलेलं असतं. खरे घोटाळे मधल्या काळात होतात, आणि बहुधा घरच्यांच्या भिडेपायी.

मेहुण्याने, सासऱ्यांनी अडीअडचणीला कंपनीत पैसे घातलेले असतात. खात्यात शेवटचं पेमेंट आलं की मालक आधी त्यांचे चुकते करतो, पुरवठादार लटकतात. दिवाळखोरी संहिता (२०१६) नेमकं इथेच बोट ठेवते. संबंधितांना दिलेलं असं झुकतं माप दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्याआधीच्या २ वर्षांपर्यंत तपासलं जातं, इतरांचं १ वर्षापर्यंत, आणि न्यायाधिकरण ते पैसे परत भरायला लावू शकतं. भावाच्या फर्मला पडत्या भावात विकलेली मशीनही यातून सुटत नाही. ‘पैसे त्यांचेच होते हो!’ हे खरं असलं तरी तिथे चालत नाही.

कुणीतरी सुचवतं, कंपनी रजिस्ट्रारच्या नोंदीतून कंपनीचं नावच काढून टाका, स्वस्तात होतं. पण त्या अर्जात कंपनीवर देणी नाहीत असं संचालकांना शपथेवर लिहून द्यावं लागतं. बँकेचं कर्ज डोक्यावर असताना अशी सही करायला सांगणारा सल्लागार बदला. स्वेच्छा परिसमापन, म्हणजे स्वतःहून कंपनी गुंडाळणं, हेही सगळी देणी फेडू शकणाऱ्या कंपनीसाठीच आहे. थकलेल्या कंपनीने दिवाळखोरी संहितेच्या कलम १० खाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जायचं. भागधारकांचा विशेष ठराव हवा आणि थकबाकी किमान १ कोटी (मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती). तिथेही थेट लिक्विडेशन (मालमत्ता विकून देणी भागवणं) मिळत नाही. आधी कंपनी वाचवणारा कुणी सापडतो का ते पाहतात. रक्कम १ कोटीच्या आत असेल तर, माझ्या मते, बँकेशी एकरकमी तडजोडीची बोलणी आधी करावीत.

अर्ज दाखल झाला म्हणजे आपण सुटलो, हा आणखी एक गैरसमज. वसुलीवरची स्थगिती कंपनीपुरती असते. वैयक्तिक हमी दिली असेल तर बँक घरापर्यंत येते, आणि न वटलेल्या चेकचा सही करणाऱ्या संचालकावरचा खटलाही चालूच राहतो.

पुरवठादाराची मागणी नोटीस ड्रॉवरमध्ये टाकू नका. उत्तराला १० दिवस असतात. माल खराब निघाल्याची तक्रार नोटिशीच्या आधीच केली असेल तर ते ईमेल जोडा. खरा वाद आधीपासून असला तर पुरवठादाराचा दिवाळखोरीचा अर्ज टिकत नाही.

पगारातून कापलेला पीएफ भरायचा राहिला असेल तर तो सगळ्यात आधी भरा. ते कामगारांचे पैसे आहेत, फौजदारी होऊ शकते.

कामगारांनीही गाफील राहू नये. लिक्विडेशनच्या आधीच्या २४ महिन्यांची त्यांची थकबाकी, प्रक्रियेचा खर्च वजा जाता, तारणावरचा हक्क सोडून आलेल्या बँकांच्या बरोबरीने रांगेत असते. मात्र वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत दावा भरावा लागतो, सोबत पगारपत्रकं आणि हजेरीचे पुरावे. ते फाटकाला कुलूप लागण्याआधीच जमवून ठेवावेत.