हेलिओस घेऊन बाहेर पडण्याआधी

हाताशी मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे, नवी पोर्ट्रेट लेन्स खिशाला परवडत नाही, आणि कुणाच्या तरी झेनिट कॅमेऱ्यावरची जुनी हेलिओस ४४-२ मिळते आहे. या लेन्सवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फोकल लेंथ (दृश्य किती जवळ आणते तो आकडा) ५८ मिमी, अ‍ॅपर्चर म्हणजे आतलं उजेडाचं छिद्र एफ/२ पर्यंत उघडणारं, सोव्हिएत बनावटीची, रचना जर्मनीच्या कार्ल झाइसच्या बायोटारवर बेतलेली. अंगावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनवल्याचं साल सांगतात.

पैसे देण्याआधी खिशातला मोबाइल काढा आणि टॉर्च लावा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून उजेड सोडा आणि समोरून तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर दिसू देत, इतक्या जुन्या लेन्समध्ये ते असणारच, आणि फोटोत ते उतरत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही चालतो. छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर थोडं तेल असेल तर तेही या लेन्सपुरतं चालतं, कारण इथे पाती आपणच हाताने फिरवतो. पण कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. माझ्या पहिल्या हेलिओसच्या जाहिरातीत ‘काच एकदम स्वच्छ’ असं लिहिलेलं होतं. घरी आणून टॉर्च लावला तर मागच्या काचेच्या आत नखाएवढी नक्षी, नेच्याच्या पानासारखी पसरलेली. साफ करून घेतली, बुरशी गेली, पण तिनं खाल्लेल्या कोटिंगवर तिचा ठसा राहिला तो राहिलाच. तेव्हापासून बुरशी दिसली की मी लेन्स परत ठेवतो, किंमत कितीही कमी असो.

फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. जड असेल तर आतलं ग्रीस वाळलं आहे. ते बदलून मिळतं, पण तो खर्च भावात धरा.

आता अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसवणारा जोड. ही लेन्स एम४२ आट्यांची, आणि तिला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर हवं असतं. सोनीच्या ई माउंटमध्ये (माउंट म्हणजे कॅमेऱ्याचं लेन्स बसवायचं तोंड) ते अंतर १८ मिमी आहे, म्हणजे मधली साडेसत्तावीस मिमीची जागा भरणारी एक पोकळ नळी पुरते, तिच्यात काच लागत नाही. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर मात्र हे जमत नाही. तिथलं अंतर मुळातच ४६.५ मिमी, त्यामुळे लेन्स लांबचं काही फोकस करू शकत नाही. नळी जराशी लांब निघाली तरी तोच घोळ होतो. म्हणून संध्याकाळी गच्चीवर जा, दूरच्या टॉवरचा लाल दिवा धरा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. रिंग शेवटच्या टोकाला नेऊनही दिवा पसरटच दिसत असेल तर अडॅप्टर बदलून घ्या. टोकाच्या किंचित आधीच नेमका झाला तर ठीक आहे. आट्यांमध्ये जुन्या धातूचा बारीक कीस असतो, तो ब्रशने झाडल्याशिवाय लेन्स कॅमेऱ्याला लावू नका.

कॅमेऱ्याला या लेन्सचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे चार गोष्टी आपण सांगायच्या. लेन्स नसताना शटर चालू देण्याचा पर्याय सुरू करा, नाहीतर बटण दाबलं तरी काही होणार नाही. बॉडीत हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंथ हाताने भरा. नेमके ५८ नसतील तर जवळचा आकडा चालेल. मोड अ‍ॅपर्चर प्रायोरिटी. ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवणं) लावणार असाल तर किमान शटर १/१२५ सेकंद ठरवून द्या, कारण आपण न सांगितल्यास कॅमेरा १/६० वर खूश असतो आणि फोटो हलतात. पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणं, लाल रंगाचं, पण पातळी कमी. जास्त ठेवली की सगळंच लाल होतं आणि डोळा फसतो. खरा भरवसा स्क्रीनवरचं चित्र मोठं करणाऱ्या मॅग्निफायरवर ठेवा, आणि तो अंगठ्याखालच्या बटणावर असू दे.

मग सराव. ओट्यावर हळद, तिखट, जिरं यांच्या बरण्या तिरक्या रांगेत ठेवा आणि मीटरभर अंतरावरून एफ/२ वर मधली बरणी धरा. फुलफ्रेम (३६×२४ मिमी) सेन्सरवर या अंतरावर स्पष्ट पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा असतो. डोळा आणि कान दोन्ही त्यात मावत नाहीत, हे माणसासमोर कळण्यापेक्षा बरणीसमोर कळलेलं बरं. अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत. खटक्यांच्या रिंगने आकडा ठरवायचा, दुसरीने उघडायचं-मिटायचं. उघड्यावर फोकस करून, न बघता ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटवता येईपर्यंत हे करत राहा. जवळून फोटो काढताना रिंग सोडून द्या आणि स्वतःच इंचभर पुढेमागे झुका, ते लवकर जमतं.

या लेन्सचा तो प्रसिद्ध भोवरा, म्हणजे मागची धूसर पार्श्वभूमी गोल गरगरल्यासारखी दिसणं, हवा असेल तर माणूस मीटर-दीड मीटरवर आणि मागे, थोडं लांब, पानांतून ऊन झिरपणारं झाड. फुलफ्रेमहून लहान एपीएस-सी सेन्सरवर कडा कापल्या जातात म्हणून भोवरा कमी दिसतो, पण चौकट ८७ मिमीसारखी होते आणि आजीचा चेहरा तीत फार सुंदर बसतो.

पिशवीत ऊन अडवणारं ४९ मिमीचं रबरी हूड हवंच, कारण समोरून ऊन आलं की हिच्या फोटोतला काळा रंग राखाडी होतो. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या. जादा बॅटरी घ्या, सगळा वेळ स्क्रीन मोठी करून बघण्यात जाणार आहे. लेन्सचं जुनं चामडी कव्हर मात्र पिशवीतही नको आणि कपाटातही नको, ते ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी, पावसाळ्यात तर याला पर्यायच नाही. आणि पहिल्या दिवशी ऑटोफोकसची लेन्स घरी ठेवून निघा. ती पिशवीत असली की दहाव्या मिनिटाला हात तिच्याकडे जातो.