पॉइनसेटिया फेकू नका, पुढच्या नाताळला पुन्हा लाल होईल

डिसेंबर लागला की आमच्या वसईत नर्सऱ्यांच्या दारात पॉइनसेटियाच्या लाल कुंड्या मांडल्या जातात. लोक हौसेने नेतात आणि फेब्रुवारीत पानं गळायला लागली की रोप मेलं म्हणून टाकून देतात. मला ते बघवत नाही. हे मूळचं मेक्सिकोतलं झुडूप. जमिनीत लावलं तर माणसापेक्षा उंच होतं आणि वर्षानुवर्षं जगतं.

घेताना लाल पानांना भुलू नका. हो, ती पानंच. फुलं म्हणजे मधले बारीक पिवळट-हिरवे मणी. ते अजून मिटलेले असतील तीच कुंडी उचला, रंग जास्त दिवस टिकतो. घरी आल्यावर कुंडीभोवतीचा चमकीचा कागद आधी काढा. त्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला. सकाळचं ऊन हवं, एसीचा झोत नको.

मार्चमध्ये नुसत्या काड्या उरल्या की वीतभर ठेवून छाटणी करा. कापलं की पांढरा चीक येतो. काहींच्या कातडीला त्याने खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला आणि डोळे चोळू नका. मे संपता संपता थोड्या मोठ्या कुंडीत हलवा: माती, कोकोपीट, गांडूळखत, आणि तळाला भोक हवंच. आमच्याकडचा पाऊस या रोपाला सोसत नाही, तेव्हा ते पागोळ्यांच्या आत, पण उजेडात ठेवा. नव्या फांद्यांना पाच-सहा पानं आली की शेंडे खुडा, म्हणजे बगलेतून फुटवे येऊन रोप घेरदार होतं. हे खुडणं गणपतीपर्यंतच. पिठ्या ढेकूण दिसला तर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारा.

खरी गोम पुढेच आहे. हे झाड रात्र मोठी झाली की रंगतं, आणि ती रात्र सलग काळोखाची लागते. ऑक्टोबरपासून आपल्याकडे रात्र बारा तासांच्या वर जाते, त्यामुळे वाडीत एका बाजूला, दिव्यापासून लांब असलेलं झाड काही न करता लाल होतं. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र रस्त्याचा दिवा असतो, घरातली ट्यूबलाइट असते आणि नेमक्या त्याच दिवसांत दिवाळीचा आकाशकंदील रात्रभर लटकतो. रोपाला वाटतं, दिवस अजून मोठाच आहे! मग ते डिसेंबरातही हिरवंगार राहतं आणि लोक खताला दोष देतात.

तेव्हा 1 ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेर रोज संध्याकाळी सहाला रोपावर पुठ्ठ्याचं मोठं खोकं उपडं घाला आणि सकाळी आठला काढा. फटी चिकटपट्टीने बुजवा. मधेच उचलून बघायचा मोह नको. ऑक्टोबर हीटमध्ये रोप उकडू नये म्हणून कुंडी घरातल्या गार कोपऱ्यात झाका. दिवसा मात्र भरपूर ऊन द्या, कारण नुसत्या अंधाराने रोप खंगतं.

वरची पानं पुरती लाल झाली की खोकं आणि खत दोन्ही बंद. आता कुंडी नाताळच्या गोठ्याशेजारी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याशेजारी ठेवा आणि वर दिव्यांची माळ खुशाल सोडा. आलेला रंग त्याने उतरत नाही.