पोटाचं डायलिसिस घरी: पहिली बॅग यायच्या आधी

मशीनवरच्या डायलिसिसला चार तासांच्या एका वेळेला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात ते घरी परवडणारं नाही. पोटाच्या डायलिसिसला, म्हणजे सीएपीडीला, ना मशीन लागतं ना वीज. पोटात बसवलेल्या नळीतून बॅगेतलं साखरेचं औषधी पाणी पोटात भरायचं, काही तासांनी ते रक्तातली घाण घेऊन पिशवीत उतरवायचं आणि नवी बॅग भरायची. माणसं मात्र लागतात, आणि दोन लागतात. सगळं सुनेवर टाकून मोकळं होऊ नका. डायलिसिस सेंटरवरचं ट्रेनिंग घरातल्या दोघांनी पूर्ण करावं, नाहीतर सोयाबीनच्या काढणीत एक बॅग चुकलीच म्हणून समजा.

बहुतेकांना दिवसाला दोन-दोन लिटरच्या चार बॅगा लागतात. महिन्याच्या १२०, वजन अडीचशे किलोच्या घरात. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात तिथं भट्टी होते. स्लॅबच्या खोलीत, फळीवर, उंदरांपासून लांब ठेवा. जवळची एक्सपायरी आधी वापरा.

बॅग लावताना दार बंद, पंखा-कूलर बंद, खोलीतल्या सगळ्यांना मास्क. हात तोटीच्या धारेखाली साबणानं धुवा. बादलीत तांब्या बुडवून नाही. नळाला पाणी नसेल तर तोटीचं पिंप भरून ठेवा. हात कोरडे करून मगच नळीला हात लावा. नवी बॅग दाबून गळती पाहा, साखरेचं प्रमाण वाचा. पोटातलं पाणी उतरायला वीसेक मिनिटं. मग नव्या बॅगेतलं थोडं पाणी पाच अंक मोजेपर्यंत थेट उतरलेल्या पाण्याच्या पिशवीत सोडा, म्हणजे नळीतली हवा निघते. नंतर पोट भरा, दहाएक मिनिटं. शेवटी नळीच्या तोंडाला नवी टोपी. जुनी पुन्हा कधीच नाही.

थंडीत बॅग कोमट करायची तर कोरड्या उष्णतेनं. गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवली तर तोंडाशी ओल राहते आणि जंतूंना वाट मिळते. एप्रिल-मेमध्ये बॅग मुळातच कोमट असते.

उतरलेली पिशवी छापील कागदावर ठेवून पाहा. अक्षरं दिसत नसतील तर पाणी गढूळ आहे, पोटात संसर्ग झाल्याची शक्यता मोठी. पोट दुखत असो वा नसो, सकाळची वाट न पाहता ती पिशवी घेऊनच सेंटर गाठा.

पाणी हळू उतरत असेल तर आधी क्लॅम्प (नळी बंद करायची चिमटी) आणि नळीचा पीळ बघा, मग कुशी बदला. तरी नाही तर शौच कधी झाली ते विचारा. बद्धकोष्ठानं नळी अडते, हे कारण भलतंच नेहमीचं आहे. नळीचं उघडं टोक कपड्याला किंवा फरशीला लागलं तर क्लॅम्प लावा, नवी टोपी बसवा, पाणी भरू नका, सेंटरला फोन करा.

वहीत रोज वजन, बीपी आणि किती पाणी उतरलं ते लिहा. भरलं त्यापेक्षा कमी उतरतंय आणि पायाला सूज आहे, तरी जास्त साखरेची बॅग मनानं लावू नका, ती अंगातलं जास्त पाणी ओढते. बीपी एकदम पडू शकतो. पाण्याबरोबर प्रथिनंही जातात, म्हणून अंडी, वरण, मटकी डॉक्टरांच्या सल्ल्यानं वाढवा. ठेचा-पापड मात्र आवरा, मिठानं तहान वाढते. विहिरीत पोहणं बंदच.