कोकणातून थंडीतल्या शर्यतीला जाताय? आधी बॅगेतला एक स्वेटर काढा

आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १८-१९ वर आला की लगेच कानटोप्या बाहेर, बागायतदार मोहोर बघून खूश आणि बाकी सगळे "काय गारठा पडलाय" म्हणत चुलीजवळ. आता हाच माणूस दिल्ली-चंदीगडकडची जानेवारीतली हाफ मॅरेथॉन भरतो, जिथे सकाळी पाच-सहा डिग्री म्हणजे नेहमीचं, नायतर त्याच्याही वर हिमाचलात कुठेतरी जिथे शून्याखाली जातं, आणि तयारी म्हणून पहिलं काय करतो तर जाडजूड जॅकेट घेतो. तिथेच गाडी बिघडते.

कारण बघा, धावताना स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातली साधारण पाऊण उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे दोन-तीन किलोमीटर झाले की जाड जॅकेटात तुम्ही घामाने निथळणार, आतले कपडे ओले होणार, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. मग पाय जड झाले, स्पीड कमी झाला, वारा सुटला की त्याच घामाने हुडहुडी भरते. हे आपल्याला नवीन नाही खरंतर. जुलैत रत्नागिरीच्या भाट्याच्या पुलावर भिजून धावताय आणि मध्येच थांबलात की २५ डिग्रीतही दात वाजतात. थंडी एकटी फार काही करत नाही, ओल आणि वारा तिला मिळाले की मग वाट लागते.

त्यामुळे कपड्यांचा हिशोब सोपा ठेवा: हवामानात जे तापमान दाखवतंय त्यापेक्षा दहा डिग्री जास्त आहे असं समजून कपडे घाला. स्टार्टला उभं असताना थोडं थंड वाजलंच पाहिजे, तिथे छान उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त आहे.

पाच ते दहा डिग्रीला पॉलिस्टरचा फुल बाह्यांचा टीशर्ट, शॉर्ट्स किंवा टाइट्स, पातळ हातमोजे आणि गळ्यात बफ (गळ्यात घालून नाकातोंडावर ओढता येतो तो कापडी पट्टा), बस. शून्याच्या जवळपास असेल तर वरून एक पातळ विंडचीटर. शून्याखाली गेलं तर तीन थर, आत अंगाला चिकटून पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर, मध्ये पातळ फ्लीस (मऊ, लवदार उबदार कापड), वर वारा अडवणारं काहीतरी. कॉटन कुठेही नको, ते घाम धरून ओलंच राहतं, आणि हे सांगायचं कारण म्हणजे लोक वर भारीतला ड्रायफिट (घाम पटकन सुकवणारा टीशर्ट) घालतात आणि आत तीच नेहमीची कॉटनची बनियन आणि कॉटनचे सॉक्स, मग त्या ड्रायफिटचा उपयोग काय. हाताची बोटं फार गारठत असतील तर पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहतात ते हातमोजे जास्त उबदार. आणि पुरुषमंडळींनो, हसू नका, पण समोरून वारा असेल तर शॉर्ट्सच्या आत वारा अडवणारं काहीतरी घालाच, नंतर कुणाला सांगता पण येत नाही.

वाऱ्याचा आकडाही बघत जा, नुसतं तापमान बघू नका. शून्य डिग्री आणि ताशी २० किलोमीटर वारा म्हणजे उघड्या कातडीला ते उणे पाचसारखं लागतं, उणे दहा आणि ३० चा वारा म्हणजे उणे वीसच्या आसपास. रूट मॅपवर कुठल्या टप्प्यात वारा तोंडावर येणार ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. वारा पाठीशी असताना किंवा चढावर विंडचीटरची चेन उघडायची, घाम फुटायच्या आधीच, आणि वारा समोर आला की परत लावायची. हे एवढं करणारा माणूस शेवटच्या पाच किलोमीटरला कोरडा असतो.

आता प्रॅक्टिस कुठे करणार, आपल्याकडे तशी थंडी नाहीच. पण दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा डिग्री उतरतात, म्हणजे सावंतवाडीपेक्षा वर आंबोलीला चार-पाच डिग्री तरी कमी, तिथे डिसेंबरात एक-दोन लाँग रन काढा. उत्तर रत्नागिरीवाल्यांना दापोली आहेच. नाहीच जमलं तर पहाटे सड्यावरून कुणाच्या तरी बाईकवर मागे बसून रेसचे कपडे घालून फिरून या, विंडचीटर खरोखर वारा अडवतो की नुसता फडफडतो ते दहा मिनिटांत कळतं. हातमोजे घालून जेलचं (धावताना ताकदीसाठी खायच्या गोड चिकट पाकाचं) पाकीट फोडायची, नाडी बांधायची पण सवय करा. (रायगडवाल्यांनो, पोपटीची, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची, रात्र जागून दुसऱ्या पहाटे लाँग रन ठेवू नका, वाल पचायला वेळ लागतो.)

जाताना मंगला किंवा राजधानी पकडणार असाल तर दोन दिवस आधीची काढा, धुक्यात उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास लेट होतात. दिल्लीत असेल तर हवेचा एक्यूआय, म्हणजे प्रदूषणाचा आकडा, बघा, फारच खराब असेल तर रेस सोडलेली बरी, थंडीपेक्षा ते वाईट.

खरी थंडी वाजते ती स्टार्टला. अर्धा-पाऊण तास उभं राहायचं असतं. लावणीला आपल्याकडे प्लास्टिकची खोळ घेतात ना, तशी कचऱ्याच्या मोठ्या पिशवीला डोक्या-हातांची भोकं पाडून चढवायची, किंवा टाकून द्यायच्या लायकीचा जुना स्वेटर, आणि शिट्टी वाजायच्या दोन मिनिटं आधी काढायचं. उभ्या उभ्या स्ट्रेचिंग करत बसू नका, जागेवर हलकं जॉगिंग करा. पहिले दोन-तीन किलोमीटर नेहमीपेक्षा सावकाश, नाकातोंडावर बफ, म्हणजे आत जाणारी हवा थोडी ऊबदार होते. दमा किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नका, थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आवळतात आणि थंडीत बीपी वाढतं.

पाणी! थंडीत तहान लागत नाही पण घाम आणि श्वासातून पाणी जातंच असतं, आपल्या दमट हवेत वाढलेल्यांना तर कपडे चिंब झाल्याशिवाय घाम आलाय हेच पटत नाही. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक स्टेशनला दोन घोट घ्या. शून्याखाली जेल घट्ट होतात, ते अंगालगत आतल्या खिशात ठेवा, फोन पण तिथेच, बॅटरी पटकन बसते.

रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असेल तर तो दिसत नाही, ओला डांबर वाटतो. झाडांच्या सावलीत, पुलांवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर पावलं छोटी टाका, टाईम गेला खड्ड्यात.

लडाखचं प्रकरण वेगळं. २०२३ च्या फेब्रुवारीत पँगाँगच्या गोठलेल्या तलावावर २१ किलोमीटरची शर्यत झाली, ते फोटो बघून लगेच पेटू नका, लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे आणि पँगाँग त्याहून वर. थंडीच्या आधी तिथे विरळ हवेची सवय करायला कित्येक दिवस लागतात.

रेसमध्ये शेजारचा अडखळतोय, बोलणं जड झालंय, चेन लावता येत नाहीये, तर त्याला थांबवा, तो "मी ठीक आहे" म्हणणारच. कुडकुडणं अचानक थांबलं आणि माणूस गप्प झाला तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, उलट ताबडतोब ॲम्ब्युलन्स. बोट किंवा कानाची पाळी पांढरी-बधिर झाली तर चोळायची नाही, बर्फाने तर अजिबात नाही, शेकोटीवरही धरायची नाही. काखेत धरा, नाहीतर कोमट पाण्यात, साधारण ३७ ते ३९ डिग्री. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने हात घालून बघायचं, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.

फिनिश झालं की मेडल आणि सेल्फी नंतर. आधी ओलं सगळं काढा, बनियनीपासून मोज्यांपर्यंत, कोरडं घाला, टोपी घाला, मग चहा. कोरड्या कपड्यांची पिशवी फिनिशपासून लांब जमा होत असेल तर सोबतच्या माणसाला गेटवर उभा करा. आणि त्याच रात्रीची परतीची गाडी असेल तर बर्थ खालचा मागून घ्या, बसून आखडलेल्या मांड्यांनी वरच्या बर्थवर चढणं म्हणजे वेगळीच शर्यत होते.